फाईल ठेवून जा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फाउंड्रीत मी काम करते, तिथल्या नियोजन विभागात एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे मी. हिशेबाला माणसं आहेत, दुरुस्तीला आहेत, गेटवरही प्रत्येक पाळीला दोघं असतात. नियोजनाला मी एकटी. आज भट्टीत किती लोखंड वितळवायचं, त्यासाठी किती साचे तयार हवेत, ते कोणत्या लाइनवर होणार, कोणाचा माल आधी जाणार, हे सगळं सकाळी माझ्या टेबलावरून निघतं आणि दुपारपर्यंत निम्मं मोडतं. मोडलेलं निम्मं पुन्हा जुळवायचं, हे माझं खरं काम.

संख्याशास्त्रात एम.एस्सी. करताना मी ऑपरेशन्स रिसर्च हा विषय घेतला होता. आईनं विचारलं, हे काय असतं? मी सांगितलं, चुली दोन आणि जेवायला अख्खी भावकी आलेली, तर आधी तव्यावर काय टाकायचं आणि कोणाला आधी वाढायचं, त्याचं गणित. आई म्हणाली, त्यासाठी एवढं शिकावं लागतं होय? दोन चुलींना लागत नाही. चुली वाढल्या की अंदाज चालत नाही.

हाताखाली एक माणूस द्या, असं मी मालकांना बरीच वर्षं सांगत होते. मालक वाईट नाहीत. वडिलांनी सुरू केलेला कारखाना त्यांनी वाढवला, सकाळी शाहूपुरीतल्या ऑफिसात बसतात, दुपारी शिरोलीला येतात, कामगारांच्या पोरांच्या लग्नाला हमखास हजर असतात. पण माणूस म्हटलं की हसून म्हणायचे, "तुम्ही असताना आणि कशाला कोण?" याला कौतुक समजायचं वय माझं केव्हाच उलटून गेलं होतं. शेवटी एका उन्हाळ्यात मी पाठीच्या दुखण्यानं घरी पडले, आठवडाभर कारखान्यात गोंधळ झाला आणि जागा मंजूर झाली.

जाहिरात भरतीचं काम बघणाऱ्या मुलानं लिहिली. विश्लेषणक्षमता, संवादकौशल्य, संघभावना, दबावाखाली काम करण्याची तयारी. कुठल्याही नोकरीच्या जाहिरातीतून ह्या चार गोष्टी उचला, फरक पडत नाही. मी त्याला म्हटलं, गणित सोडवणारा मला नको, ते संगणक सोडवतो. मुळात अडचण कुठं आहे, हे हुडकणारा हवा. उत्तर आलं की ते मेस्त्रीला कळेल असं सांगणारा हवा. आणि आपलं उत्तर चुकलंय, हे दुसऱ्याच्या आधी ज्याला कळतं, असा हवा. मुलगा म्हणाला, मॅडम, एवढं जाहिरातीत बसत नाही. संघभावना तेवढी बसली.

परीक्षेची कल्पना मालकांची. तोंडी मुलाखतीत सगळेच हुशार वाटतात, त्यापेक्षा आपलाच एखादा खरा प्रश्न द्या, आठ दिवसांत सोडवून आणू देत. मला ते पटलं. पुस्तकातली उदाहरणं पोरं पाठ करून येतात. प्रश्नही हाताशी होता.

दरवर्षी थंडीत आमचं नियोजन कोलमडतं. भट्टी पेटते, लोखंड वितळतं आणि साचे तयार नसतात, कारण साचे करणारे मोल्डर आलेले नसतात. वितळलेलं लोखंड काही उद्यापर्यंत थांबत नाही. मग ते तसंच ओतून त्याच्या लाद्या करायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वितळवायच्या. वीज गेली, दिवस गेला, गिऱ्हाईक फोनवर ओरडतंय. कारण सगळ्यांना माहीत होतं: म्हाई. सुगी आटोपली की आमच्या भागातल्या गावागावांत गावदेवीच्या नावानं घरटी मटणाचं जेवण असतं. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, तो गावकी ठरवते, आणि कुठल्या कॅलेंडरात तो छापलेला नसतो. त्या दिवशी त्या गावचा माणूस कामावर येत नाही. नोटीस लावून झाली, दंड करून झाला, मालकांनी हात जोडून झाले. माणूस येत नाही. आम्ही त्याला गैरहजेरी म्हणत होतो आणि दरवर्षी सरासरी काढून थोडी जास्त माणसं धरत होतो. मी स्वतः धरत होते.

उमेदवारांना मी मागच्या वर्षांची हजेरी, लाइनींची माहिती आणि मालाची मागणी दिली. म्हाईचं मुद्दाम काही सांगितलं नाही. अर्ज मोजकेच होते. बहुतेकांनी मी करत होते तेच जास्त चकचकीत करून आणलं: सरासरी, आलेख, रंगीत तक्ते. पुण्याहून आलेल्या एकानं तर थंडीच्या महिन्यांत आजारपण वाढतं, असा निष्कर्ष काढून कारखान्यात दवाखाना सुचवला.

एका मुलीचा मात्र चौथ्या दिवशी फोन आला. चंदगड तालुक्यातली, इथंच कोल्हापुरात शिकलेली, निकाल लागून गावी परतलेली. तिनं विचारलं, हजेरीत नावं आहेत, गावं नाहीत. कामगार कुठल्या गावचे आहेत ते मिळेल का? मी हजेरीचं रजिस्टर उघडून बघितलं. मग म्हटलं, लिहिलेलं कुठं नाही, येऊन विचारावं लागेल.

ती आली. आषाढ होता, चंदगडचा पाऊस म्हणजे दार उघडलं की आत, आणि एसटीनं चार तास भिजत आलेली. मी तिला मोल्डिंगच्या मेस्त्रींकडं सोपवलं. जेवणाची सुट्टी होती. मेस्त्री माणसाला आधी चिडवून बघतात, चिडला नाही तर मग बोलतात.

"या पावणं. चंदगडास्नं आलायसा म्हंत्यात. काजू आणल्यासा न्हवं?"

"काजू उन्हाळ्यात येतो, मेस्त्री. आता नुसता पाऊस आहे, तो आणलाय," ती म्हणाली. "तुमच्या गावची म्हाई कधी असते?"

सगळी लाइन हसली. कोणीतरी मागून म्हणालं, "आयला, नोकरी लागायच्या आधीच जेवणाची चौकशी."

"जेवायला कोण कोण येतं, तेही सांगा," ती म्हणाली, आणि डबा उघडून त्यांच्यातच बसली.

तासाभरानं ती माझ्याकडं परत आली तेव्हा तिला कळलं होतं ते मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आमची एकेक लाइन जवळजवळ एकाच गावची होती. एकानं भाऊ आणला, भावानं मेव्हणा आणला, आणि शेजारी शेजारी उभे राहिले. म्हणून म्हाई आली की लाइन पातळ होत नव्हती, पूर्ण बंद पडत होती. शिवाय जेवायला बोलावतात ते सोयरे. ज्या गावात लेकी दिल्या, त्या गावचेही मोल्डर त्या दिवशी अर्ध्या पाळीतून उठून जातात. कोणत्या गावाच्या म्हाईला कोणतं दुसरं गाव रिकामं होतं, हे तिनं सोयरिकी विचारून जुळवलं होतं. तिच्या गावच्या जत्रेला हेच होतं, ती म्हणाली, फक्त तिथं भट्टी नसते, एवढंच.

निरोप घेताना मेस्त्री तिला म्हणाले, कामाला लागलीस की पहिली म्हाई आमच्याकडं. लगेच दोघातिघांनी आपापलं गाव पुढं केलं.

मुलाखतीला मालक होते, भरतीचा मुलगा होता, मी होते आणि माझ्या आग्रहानं मेस्त्री होते. मुलीनं आधी मेस्त्रींकडं बघून सांगितलं. माणसांना अडवू नका, अडत नाहीत. लाइनी मोडा. प्रत्येक लाइनवर चार गावांची माणसं येतील अशी वाटणी करा, म्हणजे कुठलीही म्हाई आली तरी प्रत्येक लाइन थोडी हळू चालेल, पण बंद कोणतीच पडणार नाही. जड मालाचं ओतकाम मोठ्या गावांच्या म्हाईपासून दूर ठेवा. आणि गावकीनं दिवस ठरवला की तो दुसऱ्या दिवशी कारखान्यात कळेल, असा प्रत्येक गावचा एक माणूस धरा. मग फाईल उघडून तिनं गणित दाखवलं. कुठं अंदाज धरला आहे आणि तो चुकला तर काय होईल, तेही तिनंच सांगितलं, कोणी विचारायच्या आत. मेस्त्री म्हणाले, "हे जमतंय की." ते सहसा एवढंही म्हणत नाहीत.

मालकांनी पुढचे प्रश्न विचारले. राहणार कुठं? मैत्रिणीबरोबर खोली घेणार. घरी कोण? आईवडील, धाकटा भाऊ. लग्नाचं काय?

"बघतायत," ती म्हणाली.

"तसं न्हवं, लग्न झाल्यावर नोकरीचं काय?"

"म्हाई लग्न झाल्यावरही असतेच की, सर."

मालक मोठ्यानं हसले. तिला घेतलंच, असं मी धरलं. उठताना ते तिला म्हणाले, फार छान, फाईल ठेवून जा, निवांत बघतो. ती फाईल टेबलावर नीट ठेवून गेली.

महिनाभर काही झालं नाही. भरतीच्या मुलाला विचारलं की तो म्हणायचा, मालकांचं अजून ठरत न्हाय. मुलीचा मला दोनदा फोन आला. घरी तिला गणपतीपर्यंत मुदत होती. वडिलांचं म्हणणं सरळ होतं: एवढं शिकवलं, नोकरी लागत असेल तर कर, नसेल तर बघायला येणाऱ्यांना आणखी किती दिवस थांबवायचं? ती रडत नव्हती, अजिजीही करत नव्हती. हो किंवा नाही, एवढंच कळवा म्हणत होती. मी म्हटलं, विचारते.

शाहूपुरीतल्या ऑफिसात गेले. मालक चहा मागवून म्हणाले, लाइनी बदलायला घेतल्यात, मेस्त्रींना फाईलची झेरॉक्स दिली आहे, दिवाळीनंतर बघा फरक. मी विचारलं, आणि मुलीचं? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी जेवण झाल्यावर पुन्हा ताट वाढायला घेतलं आहे.

"काम झालं की, मॅडम. आता माणूस कशाला?"

मी म्हटलं, काम तिनं केलं. ते म्हणाले, परीक्षा होती ती, सगळ्यांनीच दिली, प्रत्येकाला नोकरी देऊ काय? शिवाय मुलगी, लांबची, वर्षभरात लग्न होऊन जाणार, शिकवायला वेळ घालवायचा तुम्हीच. मी म्हटलं, तिला शिकवण्यासारखं माझ्याकडं फारसं नाही. घ्यायचं नसेल तर निदान तिला तसं कळवा. त्यावर ते खरोखरच बुचकळ्यात पडले. न कळवणं म्हणजेच नाही, हे सगळ्यांना कळतं, असं त्यांचं मत होतं. चहा आला होता. मी घेतला नाही, तेवढ्यानं कोणाचं काही बिघडलं नाही.

फोन मीच केला. मालक जागा भरत नाहीत, असं सांगितलं. तुझी पद्धत वापरायला घेतली आहे, हेही सांगितलं, कारण ते तिला दुसरीकडून कळलं असतं तर जास्त वाईट झालं असतं.  तिच्या मागं पावसाचा आवाज येत होता.

"मॅडम, मग मी पास झाले की नापास?"

 मी सांत्वन करणाऱ्यांतली नाही, आणि केलं असतं तर तिनं ऐकून घेतलं नसतं. फोन तिनं ठेवला.

त्या थंडीत एकही लाइन बंद पडली नाही. मालकांनी कारखानदारांच्या एका कार्यक्रमात याबद्दल भाषण केलं. आपल्या मातीतलं व्यवस्थापन, असं काहीतरी ते म्हणाले, आणि आपली माणसं आपण ओळखली पाहिजेत. टाळ्या झाल्या. मी तिसऱ्या रांगेत होते.

मेस्त्रींच्या गावची म्हाई झाली त्याच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, त्या चंदगडच्या पावण्या दिसंनात. सांगावा धाडायचा हुता, जेवायला या म्हणून. दुसऱ्या पाळीला हैत काय?"

मी म्हटलं, तिला घेतलंच नाही.

मेस्त्री उभेच राहिले. "मग आमी ह्यो बेत चालवलाय त्यो कुणाचा?"

मी म्हटलं, मालकांना विचारा. त्यांनी विचारलं नाही. त्यांना तिथं अजून काम करायचं होतं, मलाही.

पुढच्या वर्षी ते बिघडलं, जसं बिघडणारच होतं. फाईलमधली वाटणी त्या वर्षीच्या माणसांची होती. मधल्या काळात जुने काही गेले, नवे आले, नव्यांनी आपले भाऊ आणले, एका गावकीनं दिवस पुढं ढकलला आणि दोन मोठ्या गावांची म्हाई एका दिवशी आली. माणसं बदलली की वाटणी पुन्हा काढा, असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं. मी ते मालकांना उन्हाळ्यात सांगितलं होतं, आणि त्यासाठी माणूस लागेल, हेही. त्या दिवशी भट्टीतलं लोखंड लाल होऊन वाट बघत बसलं आणि त्याच्या पुन्हा लाद्या झाल्या.

संध्याकाळी मालकांचा फोन. त्या पोरीला बोलवा. दोन दिवस येऊन बघून जा म्हणावं, जाण्यायेण्याचं आपण बघू.

मी निरोप दिला. ती आता चंदगडमध्येच एका काजू कारखान्यात माल पाठवण्याचं काम बघत होती. लग्न झालं नव्हतं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कुठल्या दोन गावांचं जुळून आलं ते विचारलं, आणि ऐकून म्हणाली, त्या दोन गावांचं कधी ना कधी जुळणारच होतं. मग म्हणाली, येईन, पण आधी नेमणुकीचं पत्र येऊ दे. दोन दिवसांसाठी नाही, नोकरीचं. मी तिचे शब्द जसेच्या तसे मालकांना सांगितले.

"बघा," ते म्हणाले, "आत्तापासूनच अटी घालायला लागली." मग मला म्हणाले, राहू द्या, नवीन जाहिरात काढू. तसलीच परीक्षा ठेवू. प्रश्न हाच.

जाहिरात निघाली. संघभावना जागच्या जागी होती, या वेळी सर्जनशील विचारही आला होता. परीक्षेचा प्रश्न मात्र मी काढला. कोल्हापुरात नसलेला, कुठंच नसलेला एक साबणाचा कारखाना रचला. त्याला माझ्या मनानं यंत्रं दिली, कामगार दिले, त्यांना गावं दिली आणि सणवारही दिले. उमेदवार नेमकं काय विचारतो, काय गृहीत धरतो, कुठं थांबतो, हे सगळं त्यात दिसलं असतं. त्याचं उत्तर आमच्या एकाही लाइनला लावता आलं नसतं. ते रचायला मला रविवार गेला आणि बऱ्याच दिवसांत एवढं बरं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

मालकांनी कागद वाचला, उलटून मागं बघितलं.

"ह्यात आपलं काय हाय?"

"काही नाही," मी म्हटलं. "माणूस निवडायला एवढं पुरतं."

त्यांना कळलं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना चांगलं ओळखतो. त्यांनी कागद माझ्याकडं परत सरकवला. दोन दिवसांनी भरतीच्या मुलानं अर्ज केलेल्यांना कळवलं की तूर्त जागा भरायची नाही. या वेळी कळवलं तरी. नियोजनाला अजून मी एकटी आहे, आणि थंडीच्या आधी गावोगावच्या माणसांना गाठून वाटणी मीच नव्यानं काढते. जेवायचं बोलावणं येतं. मी जात नाही. ते जिचं होतं तिला मिळालं नाही.

इथल्या एका महाविद्यालयात दरवर्षी मला शेवटच्या वर्षाच्या वर्गापुढं बोलायला बोलावतात. ऑपरेशन्स रिसर्चच्या पदवीधरांकडून उद्योगांची अपेक्षा, असा विषय असतो. दरवर्षी मी सांगत आले, अडचण हुडका, सोप्या भाषेत सांगा, आपली चूक आपण आधी ओळखा. यंदाही सांगितलं, कारण ते खरंच आहे. मग म्हटलं, हे सगळं तुमच्याकडं असेल तर आणखी एक शिका. मुलाखतीआधी कोणी त्यांच्याच कारखान्याचा खरा प्रश्न सोडवायला दिला, तर सोडवा. कसा सोडवला ते तोंडानं सांगा. फाईल ठेवून जा म्हणाले, तर फाईल उचलायची आणि म्हणायचं, नेमणूक झाली की पहिल्या दिवशी आणते.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग नोकरी नाही मिळाली तर?"

"नाही मिळणार कदाचित," मी म्हटलं. "पण फाईल तुझ्याकडं राहील."

महाविद्यालयात मुलांच्या नोकऱ्यांचं बघणारे सर बाहेर येताना म्हणाले, मॅडम, जरा पॉझिटिव्ह बोलायला हवं होतं, मालक लोक आम्हालाही सांभाळावे लागतात. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात माझ्याऐवजी आमच्या मालकांनाच बोलवणार आहेत, असं परवा कळलं.